उघड्या छातीची पाळणूक

मी सरकारी बसचा कंडक्टर. बेळगाव–निपाणी हा माझा मार्ग आणि चालती बस ही माझी रंगभूमी. बेळगावबाहेरची काकती मागे पडली की मी सुरू. मराठीत विनोद, कन्नडमध्ये दम आणि सुट्ट्या पैशांसाठी हिंदीत विनवणी. एकदा एक म्हातारी संकेश्वरला उतरणार होती, पण माझी गोष्ट अर्धी राहिली म्हणून निपाणीपर्यंत आली आणि मग मलाच शिव्या घालत परत गेली. यात मी थोडी भर घातली आहे, पण म्हातारी खरी आहे आणि शिव्याही खऱ्या आहेत.

हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे माझा आवाज खाली जाणार आहे. हसवायची सवय आहे म्हणून अधूनमधून हसवीन. त्यावरून माझं बरं चाललंय असं मात्र समजू नका.

ज्यांना कुणी व्यायामशाळेत ‘कोर्स’ म्हणून सुई दाखवली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ज्यांनी ती टोचून घेतली आहे त्यांच्यासाठी तर आहेच. आपण एकाच गाडीत आहोत, आणि पुढचा थांबा कुठला हे मलाही माहीत नाही.

दरवाजातला मावळा

बेळगावात वैशाखातल्या शिवजयंतीला चित्ररथ निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गड उभा राहतो आणि त्यावर माणसं जिवंत देखावा करतात. आमच्या गल्लीच्या देखाव्यात एक मावळा उघड्या छातीनं गडाचा दरवाजा अडवून उभा असतो. तो मावळा कित्येक वर्षं मी. बाकीचे तलवारी फिरवतात, तोफेचा धूर काढतात. मी नुसता उभा. पुतळ्यासारखा, पापणीसुद्धा न हलवता. बायाबापड्या पोरांना दाखवायच्या, “बघ, कंडक्टर मामा!” आणि मी आतल्या आत इतका फुगायचो की गडाला तडे जातील.

आप्पा आमच्या मंडळाचे जुने कारभारी. गेल्याच्या आदल्या दिवाळीनंतरच्या बैठकीत ते माझ्याकडं बघून म्हणाले, “गड्या, दरवाजा अडवायचा तर छाती फुडं पायजे. तुझं पोट छातीच्या आधी लढाईला निघालंय. औंदा एकादा तरणा बघूया.”

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. घरी येऊन शर्ट काढला आणि आरशासमोर बराच वेळ उभा राहिलो. त्या वेळी चाळिशी सरत आली होती.

पिरनवाडीच्या बाजूला एक जिम आहे. तिथला विनायक, सगळे त्याला सर म्हणतात, वयानं माझ्या निम्म्यानं. त्यानं माझा दंड दाबून बघितला, बाजारात वांगं बघतात तसा.

“अण्णा, ह्या वयात नुसत्या अंड्यानं काय हुतंय? एक कोर्स मारूया.”

“तरास काय न्हाय न्हवं?”

“समदी घेत्यात. तुमी काय येगळं हाईसा व्हय?”

एवढ्यावर मी पडलो. हजार प्रवाशांना प्रश्न विचारून तिकीट फाडणारा माणूस, त्या दिवशी मी दुसरा प्रश्न विचारला नाही. आधी स्टेरॉइडच्या गोळ्या, मग सुया. आणि खरं सांगायचं तर पहिले काही आठवडे असा आनंद मी लग्नातसुद्धा भोगला नव्हता. वजन दणादण उचलायचो. बसच्या टपावर पोती चढवायला हमालाला बाजूला सारायचो. शालन, म्हणजे माझी बायको, म्हणायची, “आरशाचंबी तिकीट काढा एकदा. फुकट किती बघतासा!” मी घरात म्हणायचो, नुसत्या व्यायामाला जातोय. सुईचं तिला ठाऊक नव्हतं.

पाळणूक

आमच्या गल्लीचा एक नेम आहे. देखाव्यात उभं राहणाऱ्यानं गुढीपाडव्यापासून पाळणूक करायची. मटण-मासे बंद, दारू बंद, पायात चप्पल नाही, झोपायला घोंगडं, आणि बायकोपासून लांब. ड्यूटीवर बूट घालायची सूट आप्पांनी दिली होती. देव सरकारी नोकरी समजून घेतो. माणूस पाळणुकीत असला की घरातल्या बाईचाही नेम सुरू होतो. शालननं माझी भांडी वेगळी काढली. मला सोवळ्यात रांधून घालायची आणि स्वतःही त्या दिवसांत वशाटाला, मटण-माशाला, शिवली नाही. भावाच्या घरच्या जावळाला निपाणीला गेली, तिथंही कोरडी भाकरी खाऊन आली.

आता माझा पराक्रम ऐका. मटण पाप, दारू पाप, चप्पल पाप. सुई मात्र माझ्या हिशेबी तालमीत जमा. मी अंघोळ करून, उदबत्ती लावून, पूर्वेला तोंड करून सुई घेत होतो. दोन दिवस मळमळलं तर म्हटलं, उपासाचं पित्त. घोट्यावर सूज आली तर म्हटलं, अनवाणी चालण्याची. डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा शालन म्हणाली, “अवो, डॉक्टरला दाखवूया.” मी म्हटलं, “पाळणूक मोडून? न्हाय. मिरवणूक झाल्यावर बघू.”

सगळ्या दुखण्यांना माझ्याकडं एक पवित्र कारण तयार होतं. नेम नसता तर मी लवकर घाबरलो असतो.

रंग लई बेस लागलाय

मिरवणुकीच्या दिवशी अंगाला रंग लावणारा गडी म्हणाला, “अण्णा, तुमचं अंग मूळचंच कसलं पिवळंधमक हाय! रंग लई कमी लागला.” सगळे खूश. छाती तर अशी की आप्पांनी पाठीवर थाप मारली आणि स्वतःचाच हात चोळत बसले.

गडाचा दरवाजा उघडला, मी उभा राहिलो, आणि खाज सुटली.

ही खाज डासाची किंवा घामोळ्याची नव्हती. कातडीच्या खालून कुणीतरी खराट्यानं झाडतंय असं वाटत होतं. तळव्यांना, पाठीला, कानाच्या आत. आणि मी पुतळा! खाली हजारो माणसं. मी छाती पुढं काढून, जबडा आवळून उभा, आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय. समोरची एक बाई पदर डोळ्याला लावून म्हणाली, “बघा, कसला जीव वतून उभारलाय!” माझ्या उभ्या कारकिर्दीत एवढी दाद कधी मिळाली नाही.

त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात. त्या मी मरत असल्याच्या होत्या, हे टाळ्या वाजवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही.

डॉक्टरीणबाई

मिरवणुकीनंतर आधी उचगावच्या पुढं एका खेड्यात कावीळ उतरवून घेतली. हातावर चुन्याचं पाणी चोळलं, पाणी पिवळं झालं, बघणारे म्हणाले, “बघा, उतरली.” उतरली नव्हती. चारेक दिवसांत यमकनमर्डीच्या थांब्यावर तिकीट देता देता मी प्रवाशाच्या मांडीवर बसलो. लोकांना वाटलं, अण्णाचा नवीन विनोद. ते हसत राहिले. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं आणि गाडी थेट बेळगावच्या दवाखान्यात घेतली.

तिथल्या डॉक्टरीणबाई कन्नड मुलखातल्या, मराठी तोडून तोडून, शेवटी कन्नड ‘री’ लावून बोलायच्या.

“खरं सांगा री. दारू किती?”

“थेंब न्हाय. मी पाळणुकीत होतो.”

“कुठली गोळी? ताकदीची?”

“न्हाय.”

शालन शेजारी उभी. तीच बोलली, ठसक्यात. “बाई, ह्यांनी चप्पलसुदीक घातली न्हाय. माझ्या हातचं सोडून दुसरं खाल्लं न्हाय.”

बाईंनी माझा सदरा वर केला. छातीवर, बोंडांखाली, दोन्हीकडं दुखऱ्या गाठी आल्या होत्या. मी त्या पिळदारपणात जमा धरल्या होत्या. त्यांनी एका गाठीवर बोट ठेवलं. मी ओरडलो.

“हे बायकांसारखं वाढतंय. कधीपासून?” मग शालनला म्हणाल्या, “तुम्ही जरा बाहेर बसा री.”

शालन हलली नाही. मला तोंड लपवायला जागा नव्हती. तिथं सगळं सांगितलं. गोळ्या, सुया, विनायक, उदबत्ती.

शालन रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “मी तुमची भांडी येगळी घासत होते.”

आणि मग बाहेर जाऊन बसली.

यकृत बिघडलं होतं. हृदयाचं चित्र काढलं, तेही दमलेलं. आणि पुरुषाच्या अंगात जे आपोआप बनतं ते बनणं बंद पडलं होतं. बाहेरून आयतं मिळतंय म्हटल्यावर देहानं आपला कारखाना बंद केला होता. “परत कधी चालू होईल?” मी विचारलं.

“काहींचं होतं. काहींचं होत नाही. तुम्ही थांबायचं, आणि सुई परत घ्यायची नाही. आता एक जरी घेतली तरी देह परत झोपतो. आणि हृदय तेवढं सोसणार नाही.”

तेव्हापासून माझं सगळं जगणं एवढ्यावर टांगलेलं आहे: सुई न घेता थांबणं.

वॉर्डातला शेजारी

दवाखान्यातला दिवस पहाटेच रक्त काढून सुरू व्हायचा. मग वजन, मग पाण्याचं मोजमाप, मग बेचव पेज, मग वाट बघणं. शेजारच्या खाटेवर कडोलीचा एक शेतकरी होता, दारूनं यकृत गमावलेला. त्यानं माझी कुळकथा ऐकून घेतली.

“म्हणजे पाळणुकीत तुमी घोटबी घेतला न्हाय?”

“न्हाय.”

“मटण न्हाय, बाई न्हाय, चप्पल न्हाय?”

“न्हाय.”

“आन् तरीबी माझ्याच शेजारी?” तो कुशीवर वळला. “मी निदान मजा तरी केली, गड्या.”

मी इतका हसलो की नर्स धावत आली. पुढं त्याला दोन खाटा सोडून पलीकडं हलवलं आणि नंतर तो घरी गेला की कुठं गेला, मी विचारलं नाही.

शालन डबा घेऊन यायची. बोलायची नाही. पण खाज सुटली की ओल्या फडक्यानं माझी पाठ पुसायची, तवा घासावा तशी, रागानं आणि नीट. त्या पुसण्यानं मला थोडी झोप लागायची. त्या दिवसांतलं चांगलं असं तेवढंच सांगता येईल.

रिकामा देह

लोकांना वाटतं, कावीळ गेली, घरी आला, संपलं. खरं दुखणं तिथून सुरू झालं.

स्नायू आठवड्या-आठवड्याला विरघळत गेले. छातीवरच्या गाठी मात्र राहिल्या. पाण्याची घागर उचलवेना. दाढी रोज करावी लागेना. नवरा-बायकोतलं जे असतं त्याची इच्छाच उरली नाही; हे लिहिताना लाज वाटते, पण हेच कुणी लिहीत नाही म्हणून लिहितोय. शालन आता परत बोलायला लागली होती. एकदा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, “असू दे की. त्यावाचून काय अडलंय?” मी भिंतीकडं तोंड केलं. तिनं रागावलेलं बरं वाटलं असतं.

आणि रडू. कशाचंही. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली तरी. हवापालट म्हणून निपाणीला आक्काकडं, माझ्या थोरल्या बहिणीकडं जाऊन राहिलो. ती रोज आंबील करून समोर ठेवायची. “पी रं. पुरुस माणूस असं रडतंय व्हय?” मग स्वतःच रडायची आणि म्हणायची, “बरं, रड. पर आंबील गार हुती.”

तिथंच, एका भर दुपारी, मरण्याचा विचार बिनतिकिटाच्या प्रवाशासारखा मागच्या दारानं चढला. मी असल्यांना चुटकीत ओळखतो आणि उतरवतो. हा उतरेना. सीटवर नीट टेकून बसला आणि दुसऱ्या दिवशीही तिथंच. मी आक्काला सांगितलं. तिनं आंबिलीचं भांडं खाली ठेवलं आणि मला घेऊन तशीच बेळगावला निघाली, माझ्याच बसनं. त्या गाडीत मी पहिल्यांदा गप्प बसून आलो. डॉक्टरीणबाईंनी मनाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांच्या गोळ्या आणि त्यांच्याशी बोलणं अजून चालू आहे. तो प्रवासी अजून गाडीत आहे, पण आता मागच्या सीटवर आहे आणि मी त्याच्यावर नजर ठेवून आहे. तुमच्या गाडीत असा कुणी चढला असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. एकट्यानं उतरवायला जाऊ नका.

रक्ताचे अहवाल येतात. त्या बंद कारखान्याचा आकडा तळालाच. मध्ये एकदा किंचित हलला, मी पेढे आणले. पुढच्या खेपेला परत खाली. पेढे उरलेले होते, ते शेजाऱ्यांना वाटून टाकले.

जिना

यंदा पाडव्याच्या आधी आप्पा घरी आले. टोपी मांडीवर ठेवून, कधी नव्हे ते हळू बोलले.

“तू ये की रं देखाव्यात. छाती झाकंल असं चिलखत करून घेऊया. नुसता उभा ऱ्हा.”

ते दयेनं बोलले होते. त्या दिवाळीला हसणारे आप्पा मला परवडले होते. हे परवडले नाहीत. आप्पा गेले आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमायला लागली. एक सुई. एक कोर्स. आठवड्यात अंगात वारं भरेल, रडू थांबेल, शालनकडं नवऱ्यासारखं बघता येईल. मग हृदय फुटलं तर फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी “डेपोत जाऊन येतो” म्हणून निघालो आणि पिरनवाडीला उतरलो.

जिम दुसऱ्या मजल्यावर आहे. पहिल्या वळणापर्यंत पोचलो आणि छाती भात्यासारखी हलायला लागली. पायरीवर बसलो. वरून लोखंडाचे आवाज, गाणी. मला संकल्पानं अडवलं नाही. विवेकानं नाही, देवानं नाही. चढता आलं असतं तर मी चढलो असतो. जिना उंच होता, एवढंच.

विनायकनं वरून वाकून बघितलं. “अण्णा! हितं काय बसलासा? या की वर.”

“दम लागलाय.”

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. त्याच्या तोंडावर भीती दिसली, मग ती गेली. “थांबा. म्या खालीच घेऊन येतो.”

म्हणजे जिनाही हरला. तो वर गेला आणि मी खिशातला फोन काढला. का काढला ते अजून कळत नाही. शालनला लावला.

“मी विनायकच्या जिन्यावर हाय.”

पलीकडं भाकरी थापायचा आवाज थांबला. मग, “घेतलीसा?”

“न्हाय अजून.”

“बसून ऱ्हावा. आले.”

विनायक मुठीत घेऊन आला. मी म्हटलं, दम खाऊ दे. तो शेजारी बसला, मोबाईल बघत. मी दम खात राहिलो. दम केव्हाच परत आला होता, तरी खात राहिलो. ती मूठ माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होती आणि मी तिच्याकडं असा बघत होतो, जसा लग्नाआधी शालनकडं बघायचो.

रिक्षा थांबली. शालन घरातल्या साडीवरच आली होती, हाताला पीठ. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. विनायकला म्हणाली, “बाळ, आई हाय काय घरात?”

“हाय की.”

“मग हातातलं आधी तिला दाखव. ह्यास्नी काय काय झालंय ते मी येऊन सांगते तिला. मग ती म्हणाली तर ह्यास्नी दे.”

विनायक उठला, काहीतरी पुटपुटला आणि वर गेला. शालन माझ्या शेजारी पायरीवर बसली. शिव्या देईल म्हणून मी वाट बघत होतो. तिनं हाताचं पीठ पदराला पुसलं.

एवढ्यात तीन पोरं आली, पाठीला बॅगा, दोन-दोन पायऱ्या चढत. “काका, जरा पाय घ्या की.”

मी पाय घेतले. दोघं गेली. तिसरा बाटलीचं झाकण लावत मागं राहिला होता.

“वर कोर्स देत्यात,” मी म्हणालो. “घेऊ नगंस.” माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

“काय म्हणालासा?”

मी परत सांगितलं. छातीवरून शर्ट बाजूला करून गाठीही दाखवल्या. त्यानं नजर चुकवली, शालनकडं बघितलं, ओशाळून हसला.

“आमी नुसतं व्यायामाला येतोय, काका.”

मीही घरात हेच म्हणायचो. तो वर गेला. त्याच्या बुटांचे आवाज वळणावर ऐकू आले आणि मग गाण्यात मिसळले.

शालननं विचारलं, “उठायचं?”

“बस जरा,” मी म्हणालो. “अजून कोणतरी येईल.”